धोंड्याचा महिना आणि नऊ नंबरचा फ्लॅट

मी नऊ नंबर बोलतोय. शेवगावात पाथर्डीच्या रस्त्याला एक तीन मजली इमारत आहे, तिच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरचा, जिना चढून आलात की उजव्या हाताचा फ्लॅट. एक हॉल, एक झोपायची खोली, ओट्यासकट स्वयंपाकघर आणि पूर्वेला हातभर बाल्कनी. एवढाच माझा पसारा.

एप्रिलपासून मी रिकामा आहे. जिन्यात चप्पल वाजली की माझा जीव दारापाशी येतो. चप्पल दुसऱ्या मजल्यावर थांबते, खालचं दार उघडतं, मिटतं, आणि मी पुन्हा आपला भिंतीत जाऊन बसतो. दिवसातून किती वेळा असं होतं ते विचारू नका.

आठ वर्षांपूर्वी भर चैत्रात माझा स्लॅब ओतला गेला. ज्यांनी मला बांधलं त्यांनी मला राहण्यासाठी बांधलं, पण ज्याने विकत घेतलं त्याने राहण्यासाठी घेतलं नाही. अनिमेष त्याचं नाव. मूळचा इकडचाच, पुण्यात नोकरीला. नोकरी लागून दोन वर्षं झाली तेव्हा मित्रांनी त्याला सांगितलं, गावाकडे एखादा फ्लॅट घेऊन टाक, घरबसल्या भाडं येतं. त्याने मोबाईलवर माझे फोटो पाहिले. सही करायला आला तो कचेरीतूनच परत गेला. पुढे आठ वर्षं माझा जिना तो चढला नाही. किल्ली एजंटकडे, भाडं खात्यात, आणि मी इथे.

माणसं यायची जूनमध्ये. शाळेची, बँकेची, दवाखान्याची. मोठ्या हौसेने खिळे ठोकायची, देव मांडायची, बाल्कनीत तुळस ठेवायची. आणि एप्रिल आला की सामान बांधायची. दर वर्षी हेच. मला वाटायचं माझ्यातच काही अशुभ असावं. खरं कारण मला माहीत होतं, पण ते मी स्वतःशीही बोलत नसे. उन्हाळ्यात इमारतीचं बोअर आटतं. जे थोडं पाणी वर चढतं ते पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच संपतं. माझ्या नळातून नुसती हवा येते.

शेवटची भाडेकरू दिपाली. दवाखान्यात नर्स होती, सोबत म्हातारी आई. एप्रिलमध्ये ती ड्यूटीवरून येऊन तीन मजले हंडे चढवायची. एक दिवस आईनेही एक कळशी उचलली आणि जिन्यातच मटकन बसली. आठ दिवसांत त्या दोघी गेल्या.

मग मे महिन्यात गोरक्ष एजंट एक जोडपं घेऊन वर आला. शामकांत सर आणि प्रेमलाबाई. सर एका विनाअनुदानित शाळेत शिकवून निवृत्त झालेले, पेन्शन नाही. प्रेमलाबाई घरी उपवासाची भाजणी, मेतकूट, फुलवाती करून विकायच्या. वीस वर्षांची ती पुंजी, आणि आईच्या माघारी भावांनी दिलेला वाटा, एवढंच त्यांच्याजवळ होतं. त्यातून एखादी जागा घ्यावी, तिच्या भाड्यावर म्हातारपण निघावं, असा विचार. आयुष्यातली पहिलीच अशी खरेदी, आणि हे पैसे गेले तर दुसरे नाहीत.

"काकू, लई मोक्याची जागा हाय," गोरक्ष म्हणाला. "महिन्याला सहा हजार भाडं कुठं गेलं न्हाई. बाराही महिने." आणि त्याने ओट्याजवळचा नळ फिरवला. धो धो पाणी आलं.

मी चरकलो. आदल्या दिवशी सकाळी त्याने जिना झाडणाऱ्या छबूबाईकडून गच्चीवरचं पिंप भरून घेतलं होतं आणि एक पाइप माझ्या नळाला जोडला होता. मला तोंड नाही, हे खरं. पण असतं तरी त्या दिवशी मी बोललो असतो की नाही, देव जाणे. मला माणसं हवी होती हो.

"बारा लाख," गोरक्ष म्हणाला. "आन् इसार आजच द्या. परवापासून धोंड्याचा महिना लागतोय. मंग महिनाभर तुमी काय करणार न्हाई, आन् मी सासरवाडीला धोंडे खायला जाणार. तोवर दुसरं गिऱ्हाईक घेऊन जाईल."

सर लगेच खिशाकडे हात नेऊ लागले. "प्रेमला, म्हणतात ते खरं आहे. अधिकात शुभकार्य नाही. आज दिवसही चांगला आहे."

"दिवस चांगला असेल," प्रेमलाबाई म्हणाल्या, "पण मला हे घर कालपर्यंत ठाऊकसुद्धा नव्हतं. धोंडा संपला की बघू."

"आवो काकू, तोवर गेलं तर?"

"तर ज्याचं असेल त्याचं होऊ दे. माझं असेल तर महिनाभर थांबेल." मग जरा संकोचून त्या म्हणाल्या, "एक मागू का? या अधिकात माझा नेम आहे. रोज एक दिवा अशा ठिकाणी लावायचा जिथे कुणी लावत नाही. हे घर रिकामंच आहे. किल्ली देता का?"

गोरक्षने आनंदाने किल्ली काढून दिली. खाली उतरताना कुणाला तरी फोनवर म्हणत होता, "बाई दिवा लावायला लागली म्हंजे घर घेतलंच समजा."

मलाही तसंच वाटलं.

धोंडा लागला त्या दिवसापासून त्या येऊ लागल्या. नेम दिव्याचा होता, पण येण्याची वेळ ठरलेली नव्हती. कधी सकाळी पूजा आटोपून, कधी टळटळीत दुपारी बाराला, कधी दिवेलागणीला. दिवा कोनाड्यात ठेवायच्या, हात जोडायच्या, आणि मग चटई टाकून वाती वळत तास-दोन तास बसायच्या. एकभुक्त असायच्या, घरी जेवायची घाई नसे.

दुपारी माझा स्लॅब तापतो. पंखा लावला तरी तव्यावरची वाफ अंगावर यावी तसं होतं. वाटीतलं तूप पातळ होऊन तेलासारखं हलायचं. त्या पदराने मान पुसायच्या आणि वर छताकडे बघायच्या. मला वाटायचं, नको ना वर बघू. दाराआड भिंतीला माझी एक केसाएवढी चीर आहे, तीही त्यांनी बघितली, तिच्यावरून बोट फिरवलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी हात धुवायला नळ फिरवला. फुस्स्. पुन्हा फिरवला. फुस्स्.

दुसऱ्या दिवशी त्या घरून तांब्या भरून घेऊन आल्या.

छबूबाई जिना झाडत होती. प्रेमलाबाईंनी दारातून विचारलं, "छबूबाई, वरती पाणी कधी येतं हो?"

"मला न्हाई म्हाईत," छबूबाई झाडू न थांबवता म्हणाली. "मपलं काम जिन्यापुरतं."

माझी घालमेल त्या दिवसापासून वाढली. त्या आल्या नाहीत तर वाईट वाटायचं, आल्या तर भीती वाटायची. आज आणखी काय दिसेल त्यांना? वीस वर्षं भाजणी भाजून जमवलेले पैसे ही बाई माझ्यात ओतणार, आणि पुढच्या एप्रिलला मी पुन्हा रिकामा. तरीही त्यांची पावलं जिन्यात वाजली की मी मनात म्हणायचोच, घ्या ना मला.

आणि मग एकादशी आली. एकादशीला प्रेमलाबाई दिवेलागणीपर्यंत मौन धरायच्या. त्या दुपारी माझ्या हॉलमध्ये वाती वळत बसल्या होत्या, तेवढ्यात गोरक्ष आला. त्याला मौनाचं ठाऊक नव्हतं.

"काकू, एवढ्या उन्हाचं बसलात? बरंय ना?"

प्रेमलाबाईंनी हसून मान हलवली आणि नवी वात घेतली.

"मंग कसं वाटतंय घर?"

वात.

"नाराज हाय का काय?" गोरक्ष चटईच्या कडेला टेकला. "कुनी काय बोललं का? छबूबाईनं सांगितलं का काय?"

प्रेमलाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतून त्याच्यापुढे सरकवलं.

पाणी पाहून गोरक्षचा चेहरा पडला. "म्हंजे सांगितलंच म्हणा तिनं. बरं, मान्य, त्या दिवशी पिंप भरून ठेवलं व्हतं. पन काकू, घरी पाव्हणे यायचे म्हणलं की आपुन बी दोन हंडे जास्तीचे भरतो का न्हाई? त्यात काय फसवणूक?"

वात.

"आवो, पानी समद्या गावालाच कमी हाय. आता ती नर्स गेली, ती काय पान्यामुळं गेली न्हाई. म्हंजे पान्यामुळंच गेली, पन तिची म्हातारी बी जरा नाजूकच व्हती." त्याने कपाळ पुसलं. "आन् सहा हजार मी म्हणलं ते पुढचं म्हणलं. आत्ता साडेचारच देत व्हती ती. खोटं कशाला बोलू."

खालच्या रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचं गाणं वर स्पष्ट ऐकू येत होतं. गोरक्ष उठला, बसला, पुन्हा उठला.

"मालकाला पन्नास हजार कमी करायला लावतो. लाख? काकू, आता तुमीच बोला बाई, मला घाम फुटला."

प्रेमलाबाईंनी हात जोडले. तो बिचारा काय समजला कोण जाणे, फुलपात्र रिकामं करून जिन्याने धाडधाड उतरला.

दिवे लागल्यावर सर त्यांना घ्यायला आले. मौन सुटलं तशा त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. सगळं ऐकून सर म्हणाले, "बत्तीस वर्षं वर्गात ओरडलो मी. एकदा गप्प बसून बघायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी छबूबाई आपणहून दारात येऊन उभी राहिली. "ताई, पिंप मीच भरलं व्हतं. पन्नास रुपये दिले त्यानं. मला झोप न्हाई तवापासून."

"बस गं आत. चहा नाही, पण पाणी आहे."

छबूबाई उंबऱ्यातच बसली. "ती नर्स, दिपाली, कुठं लांब न्हाई गेली. दोन गल्ल्या सोडून ऱ्हाते. तिलाच इचारा."

प्रेमलाबाई वात वळता वळता थांबल्या. दोन गल्ल्यांवर? म्हणजे गाव सोडून नाही, नोकरी सोडून नाही, फक्त मला सोडून. मलाही ते त्याच क्षणी नीट समजलं.

अधिकात अनारशांचं वाण देतात, तसे चार अनारसे त्यांनी दिपालीलाही द्यायचं ठरवलं आणि तिला इथेच बोलावलं. दिपाली आली. सरळ बाल्कनीत गेली, कठड्याला हात लावला. "काकू, घर गुणाचं आहे हो. सकाळचा उजेड किती छान येतो आत. शेजार चांगला आहे. आईला अजून हीच जागा आठवते."

"मग परत येशील?"

दिपालीने अनारसा मोडला. "पाणी आलं तर येईन की नाही माहीत नाही. आता तिकडे बस्तान बसलंय. पण पाणी आलं तर इथून कुणी जाणार नाही, एवढं सांगते."

त्या संध्याकाळी सरांनी पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. साडेचार हजार, तेही दहाच महिने. त्यातून घरपट्टी, रंग, दुरुस्ती. "प्रेमला, बारा लाखाला हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. बँकेत ठेवले तर यापेक्षा जास्त येतील, आणि बँकेला हंडे चढवावे लागत नाहीत."

"ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण बँकेचं व्याज खाली येताना तुम्हीच पाहिलंत. भाडं दर वर्षी थोडं थोडं वर जातं. आणि आपल्यामागे देवश्रीला चार भिंती राहतील." देवश्री म्हणजे त्यांची नाशिकची मुलगी. "बारा लाखाला नाही घ्यायचं. पण पाण्याचा बंदोबस्त करून, खऱ्या भाड्याच्या हिशेबाने मिळालं तर विचार करायचा."

"मालक ऐकेल?"

"त्याने हे घर पाहिलंय का कधी?"

सरांना उत्तर माहीत नव्हतं. मला होतं.

धोंडा संपला. एकादशीनंतर सासरवाडीला गेलेला गोरक्ष परत आला, तशी प्रेमलाबाईंनी त्याच्या हातात किल्ली ठेवली. मला वाटलं, झालं, गेल्या या. पण त्या म्हणाल्या, "मालकांना एक निरोप द्या. एका दुपारी इथे येऊन दोन तास बसा. मग किमतीचं बोलू. नाही आले तर माझा राम राम."

"काकू, असं कुनी करतं व्हय?"

"मी करते."

पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. ढग यायचे, नुसतेच जायचे. रोज सकाळी मला वाटायचं, आता दुसरं गिऱ्हाईक येईल, पुन्हा पिंप भरलं जाईल, पुन्हा नळ धो धो वाहील आणि मी पुन्हा गप्प बसेन. त्या विचाराची मला इतकी शिसारी येऊ लागली की भिंतीचा पोपडा पाडून टाकावासा वाटला.

रविवारी दुपारी अनिमेष आला. आठ वर्षांनी माझा मालक पहिल्यांदा माझा जिना चढला. धापा टाकत दारात उभा राहिला आणि इकडे तिकडे बघू लागला, जसं काही चुकीच्या घरात शिरलाय. प्रेमलाबाईंनी चटई टाकली होती. त्या आणि सर एका बाजूला, गोरक्ष दाराशी.

अनिमेषने शर्टाचं वरचं बटण काढलं. मग दुसरं. बाटलीतलं पाणी संपवलं. मग स्वतःच उठून नळ फिरवला. फुस्स् झालं. तो नळाला धरून तसाच उभा राहिला.

"गोरक्ष, हे मला का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंच न्हाई, सायेब. भाडं आलं का, एवढंच इचारायचे."

अनिमेष चटईवर बसला. "काकू, खरं सांगतो. माझी पहिलीच गुंतवणूक होती. फोटो बघून घेतलं."

"माझीही पहिलीच आहे," प्रेमलाबाई म्हणाल्या. "म्हणून बसून बघितलं."

मग बरंच बोलणं झालं. दोन तासांचे तीन झाले. शेवटी ठरलं ते असं: गच्चीवर माझ्यासाठी वेगळी हजार लिटरची टाकी अनिमेष बसवून देणार, खालच्या माणसांची परवानगीही तोच काढणार, भिंतीच्या चिरेला गिलावा करून देणार, आणि किंमत साडेनऊ लाख. टाकी चढल्याशिवाय प्रेमलाबाई खरेदीखतावर सही करणार नाहीत. अनिमेष थोडा घासाघीस करायला गेला, पण तोपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि त्याने मान्य करून टाकलं.

टाकी चढली. सही झाली. सरांनी पेढे आणले, गोरक्षने दोन खाल्ले आणि दोन रुमालात बांधले.

तुम्हाला वाटेल, आता सगळं झालं. नाही झालं. खरा जीव माझा आता टांगणीला लागलाय.

भाड्याने द्यायचं म्हणून पहिली माणसं आली, एक तरुण जोडपं. गोरक्षने आधीच दम भरला होता, "काकू, पान्याचं काढू नका. इचारलं तर बोला." पण त्यांनी चप्पल काढायच्या आत प्रेमलाबाई म्हणाल्या, "आधीच सांगते हं. एप्रिल-मेमध्ये बोअर आटतं. तेव्हा टँकर मी टाकून देईन, टाकी भरलेली राहील, पण जपून वापरावं लागेल. आणि दुपारी इथे गरम होतं."

जोडप्याने एकमेकांकडे बघितलं, घर छान आहे म्हणाले आणि गेले. गोरक्षने कपाळाला हात लावला. मग एक मास्तर आले. त्यांनाही तेच सांगितलं. तेही कळवतो म्हणून गेले.

आता आषाढ चाललाय. प्रेमलाबाई अजून दर गुरुवारी येतात, फरशी पुसतात. सर विचारतात, "अगं, पैसे अडकले तर नाहीत ना आपले?" त्या म्हणतात, "श्रावणाआधी येईल कुणीतरी." पण परवा त्या खिडकीशी उभ्या होत्या तेव्हा मी बघितलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. त्यांनाही धीर उरलेला नाही. त्यांची पुंजी माझ्या भिंतींत आहे, आणि मला चालून कुणाला बोलावून आणता येत नाही.

म्हणून तुम्हालाच सांगतो. तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कुणी शेवगावात बदलून येत असेल, तर एकदा वर या. तीन मजले आहेत, लिफ्ट नाही. दुपारीच या, म्हणजे नंतर बोल लावायला नको. दिपालीलाही विचारा, ती दोन गल्ल्यांवर आहे. भाडं साडेचार हजार. सकाळचा उजेड चांगला येतो. एप्रिलमध्ये ऊन लागेल, ते मी लपवत नाही. पाणी मात्र येईल.